श्रवणशक्ती उत्तम

सदर इसम कंपनीच्या सेवेत वाहनचालक या पदावर कार्यरत आहे. वय छप्पन्न. बांधा मध्यम. ओळखीची खूण : उजव्या करंगळीचे शेवटचे पेर नाही. दृष्टी उत्तम. श्रवणशक्ती उत्तम. वाणी सुस्पष्ट. कोणतेही व्यसन नाही. सदर इसम वाहन चालविण्यास सर्वथैव पात्र असल्याचे प्रमाणित करण्यात येत आहे.

हा मजकूर कंपनीच्या डॉक्टरांचा. दरवर्षी तो जसाच्या तसा निघे, फक्त वयाचा आकडा पुढे सरके. मध्यंतरी एकदा तोही सरकवायचा राहिला आणि सदर इसम लागोपाठ दोन वर्षं पन्नाशीचाच राहिला. तपासणी अशी चाले : डॉक्टर टेबलापलीकडे बसून चष्म्यावरून बघत विचारायचे, "काय, ऐकू येतं ना नीट?" सदर इसम डॉक्टरांच्या तोंडाकडे टक लावून म्हणायचा, "एकदम, साहेब!" हे 'एकदम' बाहेर बाकावर बसलेल्यांच्या छातीत बसायचं. डॉक्टर दचकून शिक्का मारायचे.

या आवाजापायी कारखान्यात त्याला भोंगा म्हणत. पाळीचा भोंगा बिघडला तर याला गच्चीवर उभा करा, हा विनोद इतका जुना झाला होता की करणारे निवृत्त झाले तरी विनोद कामावर होता. त्याचं खरं नाव पगारपत्रकात होतं, आणि तिथेच राहिलं.

आवाज एवढा मोठा का, हे मात्र कोणी विचारलं नाही. भोंगा ठार बहिरा होता. स्वतःचा आवाज ऐकू न येणारा माणूस अंदाजानं बोलतो. भोंग्याच्या मते अंदाज चुकायचाच असेल तर तो जास्तीकडे चुकलेला बरा.

कारखाना टॉवेलचा. भोंगा विशीत तिथे मागावर उभा राहिला. शेडमध्ये मागांची रांगच्या रांग एकदम धडधडायची, आडवं सूत वाहणारे धोटे या टोकाहून त्या टोकाला आपटायचे, आणि शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त गरम हवा लागायची. म्हणून शेडमध्ये कोणी आवाज काढायच्या भानगडीतच पडत नसे. ओठ जरा मोठे करून, जरा सावकाश हलवायचे. चहाड्या, उसनवाऱ्या, सोयरिकी, मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार, सगळं असं बिनआवाजी चाले. मुकादम या दारातून आत आला की त्या टोकाच्या माणसाला त्याच्या आजच्या मूडसकट खबर मिळालेली असे. यात कोणाला काही कौतुक वाटत नव्हतं. शेडमधली कामाची बोलीच ती. कान सगळ्यांचेच जात, कोणाचे पावभर, कोणाचे अर्धे. भोंग्याचे पूर्ण गेले. पुढे एका धोट्यानं करंगळीचं पेर नेलं, तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला वेळ लागू लागला, आणि मुकादमानं त्याला थोरल्या मालकांसमोर उभं केलं.

थोरले मालक आपल्या वडिलांच्या हाताखाली याच शेडमध्ये राबलेले. त्यांचा एक कान तिथेच खर्ची पडला होता आणि दुसरा त्याच वाटेवर होता. त्यांनी भोंग्याकडे बघून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवले :

"तुला ऐकू येत नाही."

"नाही, मालक."

"मलाही येत नाही. गाडी शिकशील?"

ती गाडी म्हणजे लांब नाकाची, गोल डोळ्यांची, तपकिरी रंगाची. पुढची सीट सलग, दिवाणखान्यातल्या कोचासारखी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, स्टिअरिंग बारीक आणि एवढं मोठं की वळण घेताना धाब्यावर कणीक तिंबणाऱ्या माणसासारखे दोन्ही हात कामाला लागत. काचा हातानं फिरवून खाली करायच्या. आत पेट्रोलचा, रबराचा आणि जुन्या चामड्याचा वास. इंजिनाचा आवाज असा की मागे बसलेल्या माणसानं पुढच्याशी साधं बोलायचं म्हटलं तरी भांडल्यासारखं वाटे. मालकांचे मित्र या गाडीला रणगाडा म्हणत. भोंग्याला तिचा आवाज कधीच ऐकू आला नाही. त्याला ती तळहातातून कळायची. गिअरच्या दांड्यातून, पायाखालच्या पत्र्यातून, पाठीतून ती सांगायची की आता दुसरा टाक, आता श्वास घेऊ दे, आता माझ्या पोटात काहीतरी दुखतंय. ती मागासारखीच हलायची. भोंग्याला शेड सुटल्यासारखं वाटलंच नाही.

आणि आरसा. पुढच्या काचेवरचा मधला आरसा इतका लांबरुंद होता की त्यात मागची अख्खी सीट यायची. भोंग्यानं तो जरा खाली कलवून ठेवला होता, थोरल्या मालकांच्या तोंडावर. मागच्या रस्त्यासाठी बाहेरचे दोन आरसे होतेच. गाडीत थोरले मालक ओठ हलवायचे, भोंगा आरशात वाचायचा आणि ओरडून उत्तर द्यायचा. तिसरं कोणी गाडीत असलं तर त्याला वाटे, या ड्रायव्हरला मालकांच्या मनातलं कळतं. धाकटे मालक तेव्हा शाळेत होते. पुढे भोंग्याशेजारी त्या कोचावर बसून, "मामा, हॉर्न! मामा, हॉर्न!" म्हणत भोंग्याच्या दंडाला लोंबकळायचे. दंड हलला की भोंगा हॉर्न वाजवायचा.

थोरले मालक वारले, आणि वर्ष उलटायच्या आत नवी गाडी आली.

नवी गाडी काळी होती. इतकी काळी आणि चकचकीत की शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला आपले केस नीट करायची इच्छा व्हावी. धाकट्या मालकांनी कंपनीची सगळी मंडळी आवारात बोलावली आणि दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून आम्हाला तुलना समजावून सांगितली. जुनी हातानं चालते, ही जवळजवळ स्वतःच चालते. जुनीत उन्हाळ्यात घाम आणि हिवाळ्यात गारठा, हिच्यात प्रत्येक सीटला वेगळा ऋतू. जुनीचं दार लावताना बाजूचा माणूस दचकतो, हिचं दार नुसतं टेकवलं की ती ते आत ओढून घेते. पाऊस आल्याचं हिला आधी कळतं. झोप आल्याचंही हिला आधी कळतं. "पण खरी गोष्ट वेगळीच आहे," असं म्हणून त्यांनी हिशेबनिसांना आत बसवलं आणि दार लावून घेतलं. जरा वेळानं दार उघडून विचारलं, "काय ऐकू आलं?"

"काहीच नाही, साहेब," हिशेबनीस म्हणाले.

"हेच! हीच खरी लक्झरी. शांतता."

टाळ्या झाल्या. भोंग्यानंही हात हलताना बघून टाळ्या वाजवल्या. ज्या शांततेसाठी धाकट्या मालकांनी एवढी मोठी रक्कम मोजली होती, ती भोंग्याला शेडनं पगाराबरोबर फुकट दिलेली होती.

जुनी गाडी नव्या ऑफिसच्या दालनात, काचेच्या भिंतीआड, गालिच्यावर ठेवण्यात आली. फरशीला डाग पडू नयेत म्हणून तिच्यातलं तेल, पाणी, पेट्रोल काढून घेतलं. शेजारी 'आमचा वारसा' अशी पितळी पाटी. वारशाला दर आठवड्याला फडकं मारायचं काम भोंग्याकडे आलं, आणि उरलेल्या वेळात नवी गाडी.

नवी गाडी हलतच नव्हती. म्हणजे धावायची, पण कळवायची नाही. भोंगा दांड्यावर तळहात ठेवून बसे आणि तळहाताला काही म्हणता काही लागत नसे. इंजिन चालू आहे की बंद, हे तो काट्याकडे बघून ठरवी. गाडीला जे सांगायचं असे ते ती घंट्या वाजवून सांगे. पट्टा लावा, टुण. दार उघडं आहे, टुण टुण. मागे भिंत आहे, टुण टुण टुण. मागची भिंत तर भोंग्याला थेट भिंतीकडूनच कळली. शिवाय पडद्यात एक बाई होती, ती रस्ता सांगायची.

"बाई डावीकडे सांगतेय आणि तुम्ही उजवीकडे कुठे निघालात?" धाकटे मालक मागून म्हणायचे. भोंगा उजवीकडेच जायचा. धाकटे मालक बायकोला म्हणायचे, "बघितलंस? ऐकून न ऐकल्यासारखं करतो. बाबांनी डोक्यावर बसवून ठेवलाय."

आरशाचंही काही खरं नव्हतं. तो लहान होता आणि मागून प्रकाश पडला की आपोआप काळा व्हायचा. मागच्या काचाही काळ्याच. त्या अंधारात धाकटे मालक मान खाली घालून, फोनकडे बघत, ओठ जेमतेम हलवत बोलायचे. खाली बघून बोलणाऱ्या माणसाचं बोलणं वाचता येत नाही. भोंगा प्रत्येक गोष्टीला "हो, मालक!" म्हणू लागला. त्या शांत गाडीत ते 'हो मालक' असं फुटे की वहिनीसाहेब, म्हणजे धाकट्या मालकांच्या पत्नी, कानावर हात ठेवीत.

"सांगून टाका ना त्यांना," घरी भोंग्याची बायको म्हणाली. ती शिवणाच्या मशीनवर बसून कापडी पिशव्या शिवत होती. बोलायचं असलं की मशीन थांबवून, मान वर करून, दिव्याकडे तोंड करून बोलायची. ही सवय तिला लग्नानंतर महिनाभरात लागली होती.

"काय सांगू? तीस वर्षं बहिरा माणूस तुमच्या घरच्यांना घेऊन फिरतोय म्हणून?"

"हळू. शेजारीपाजारी ऐकतील."

"मालक गेले. आता सांगितलं की त्याच दिवशी काढतील. काढलं की ही खोलीही काढून घेतील. कुठे जायचं? तुझ्या भावाकडे?"

बायकोनं पिशवीचा दोरा दातानं तोडला. तिच्या भावाकडे एकदा ते आठवडाभर राहिले होते, आणि त्या आठवड्याचा विषय दोघंही काढत नसत.

"दुसरी गाडी मागून घ्या. माल वाहायची. तिच्यात मागे कोणी बसत नाही."

"विचारलं. म्हणाले, तिला जवान माणूस हवा. माझ्यासारख्याला ही बरी, हिच्यात काही करावंच लागत नाही."

खोली कंपनीची होती, कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडे शेड. बायकोला मागांच्या आवाजानं दिवसा डोळा लागत नसे. भोंगा भिंतीला पाठ टेकवून बसे आणि पाळी चालू आहे की सुटली, हे पाठीनं सांगे. निवृत्तीपर्यंत इथे राहता येणार होतं. तेवढीच काही वर्षं रेटायची, इतकाच त्याचा बेत होता.

मग त्यानं गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून एक छोटा गोल आरसा आणला. बाहेरच्या आरशावर डकवतात तसला, रुपयाएवढा नाही, पण बशीएवढाही नाही. तो त्यानं पुढच्या काचेच्या कोपऱ्यात, ऊन अडवायच्या झडपेखाली चिकटवला आणि असा वळवला की त्यात मागे बसणाऱ्याचं फक्त तोंड यावं. नाकाच्या खालून हनुवटीपर्यंत. वर गाडीच्या छताचा छोटा दिवा लावून ठेवायला सुरुवात केली. धाकट्या मालकांनी तो बंद करायला सांगितला तेव्हा नेमकं त्याला वाचता आलं नाही, त्यामुळे दिवा चालूच राहिला.

काही आठवडे बरे गेले. "डावीकडे घ्या" म्हटलं की गाडी डावीकडे जाऊ लागली. धाकटे मालक बायकोला म्हणाले, "सुधारला." भोंग्यानं तेही वाचलं आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं.

मग तो दिवस आला. दोघं कुठल्याशा समारंभाहून परतत होती. वहिनीसाहेब आरशात नेमक्या मधोमध बसल्या होत्या. नवऱ्याकडे झुकून त्या कुजबुजल्या. कुजबुज आणि आरडाओरडा यांत भोंग्याच्या दृष्टीनं काही फरक नव्हता. ओठ तेच हलतात.

"या माणसाला काढा आता," ओठ म्हणाले. "गाडीला शोभत नाही. कपड्यांना तेलाचा वास येतो."

धाकटे मालक आरशाच्या कडेला होते, अर्धंच तोंड दिसत होतं. त्यांचं उत्तर वाचायला भोंग्याला मान थोडी कलवावी लागली. "काढायचं तर काहीतरी कारण लागेल," अर्धं तोंड म्हणालं.

एरवी भोंगा वाक्य वाचून झालं की नजर रस्त्यावर आणायचा. पण स्वतःबद्दलचं वाक्य माणूस असं अर्धवट सोडत नाही. आणखी काही येतंय का ते तो बघत राहिला. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्यांनी हॉर्नचा धोशा लावला, तरी बघत राहिला. वहिनीसाहेबांनी मान वर केली. समोर एक छोटा गोल आरसा होता, आणि त्यात त्यांच्या ओठांकडे रोखलेले ड्रायव्हरचे दोन डोळे.

दुसऱ्या दिवशी तक्रार झाली. ड्रायव्हर आरसा लावून बायकांकडे बघतो.

चौकशी दालनाशेजारच्या खोलीत भरली. मधे नुसती काच, पलीकडे गालिच्यावर जुनी गाडी. टेबलाच्या एका बाजूला धाकटे मालक, वहिनीसाहेब आणि मॅनेजर, कोपऱ्यात टंकलेखक. भोंगा इस्त्रीच्या कपड्यांत उभा. बायकोला बाहेर सोफ्याच्या कडेवर बसवलं होतं. पुरी बसायला तिला कोणी मनाई केली नव्हती.

"आरोप समजला?" मॅनेजरांनी विचारलं.

"समजला, साहेब!" काच थरथरली.

"हळू. आरशात वहिनीसाहेबांच्या तोंडाकडे बघत होतास?"

"हो, साहेब."

मॅनेजरांची थोडी पंचाईत झाली. त्यांचे पुढचे सगळे प्रश्न नकारावर बेतलेले होते.

"का?"

"काय बोलतायत ते कळायला. मला ऐकू येत नाही. अजिबात. शेडमध्ये होतो तेव्हापासून. थोरल्या मालकांना ठाऊक होतं."

ते वाक्य इतकी वर्षं आत ठेवलेलं होतं. बाहेर आल्यावर ते फारसं मोठं वाटलं नाही.

"थोरले मालक आता सांगायला येणार नाहीत," मॅनेजर म्हणाले. "बरं, ऐकू येत नाही. मग मी विचारतोय ते कसं कळतंय?"

"तुमच्या ओठांवरून."

"आणि आता?" मॅनेजरांनी तोंडासमोर फाइल धरून विचारलं.

भोंगा गप्प.

"बघा. अडचणीचा प्रश्न आला की बंद." मॅनेजर उठले, त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, तुझं पाकीट पडलंय." भोंगा समोर बघत उभा. "पक्का आहे," धाकटे मालक म्हणाले. "मी लहानपणापासून ओळखतो याला." मॅनेजरांनी हातातली जाडजूड फाइल जमिनीवर आपटली. फरशी लाकडी होती. भोंगा गर्रकन वळला.

टंकलेखकानं लिहून घेतलं : आवाज होताच वळून पाहिले.

"तो फरशीतून लागला, साहेब, पायाला."

"पायानं ऐकतोस? मग डॉक्टर दरवर्षी लिहून देतात ते काय? डॉक्टर खोटं बोलतात?"

"डॉक्टर समोर बसून विचारतात, साहेब."

तेवढ्यात बाकीचे एकमेकांत बोलू लागले. तीन तोंडं एकदम हलली की भोंग्याला एकही वाचता येत नसे. तो याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून तिच्याकडे भराभर बघू लागला. टंकलेखकानं लिहून घेतलं : नजर अस्थिर.

बायकोला आत बोलावलं. तिनं मनाशी घोकून आणलं होतं.

"यांना खरंच ऐकू येत नाही, साहेब. मागे मी तापानं फणफणले होते, पाणी पाणी करत हाका मारत होते. हे तिथेच पाठ करून बसले होते. घरात काय पडलं, कोण आलं, यांना काही पत्ता लागत नाही."

"बाई," मॅनेजर म्हणाले, "नवऱ्याला बायकोच्या हाका ऐकू येत नाहीत हा पुरावा धरला, तर या खोलीत आम्ही सगळेच बहिरे निघू."

हशा पिकला. धाकटे मालक हसले, टंकलेखक हसला, वहिनीसाहेबही ओठ दाबून हसल्या. सगळे हसले की आपणही हसायचं ही भोंग्याची जुनी सवय. तो हसला. बायको त्याच्याकडे बघत राहिली.

टंकलेखकानं लिहून घेतलं : विनोद समजून हसला.

तेव्हा भोंग्याला जुनी गाडी दिसली. "साहेब, तिच्यात बसा," तो म्हणाला. "मागे बसा. आवाज काढू नका, नुसतं तोंड हलवा. मी आरशात बघून सांगतो. चुकलो तर आत्ता निघून जातो."

या प्रकारात थोडी गंमत होती, म्हणून मंडळी उठली. वारशाचं दार उघडलं. ते उघडताना पूर्वीसारखंच करकरलं. भोंगा बारक्या स्टिअरिंगमागे बसला. आरसा अजून तसाच कललेला होता, फडकं मारताना तो त्याला कधी हात लावत नसे. मॅनेजर मागे बसले, थोरल्या मालकांच्या जागेवर, आणि त्यांनी बिनआवाजी ओठ हलवले.

"माझ्या मुलीची आज परीक्षा आहे," भोंगा समोर बघत म्हणाला. ऑफिसभर ऐकू गेलं. "गणिताची."

मॅनेजरांनी तोंड मिटलं. क्षणभर सगळ्यांना कळलं. कळल्याचं सगळ्यांच्या चेहऱ्यांवर आलं, आणि ते भोंग्याला वाचता आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचे खांदे जरा सैल झाले.

पण धाकट्या मालकांना त्याच क्षणी आणखी एक गोष्ट कळली होती. ते खिडकीशी वाकले.

"मग माझ्या गाडीत आजवर काय काय वाचलंस?"

या प्रश्नाला एकच शहाणं उत्तर होतं, आणि ते 'काही नाही' असं होतं. पण भोंग्याला वाटलं, आपलं म्हणणं पटलंय, आता पक्का पुरावा मागतायत. तो त्यानं आनंदानं, पूर्ण आवाजात दिला.

"वहिनीसाहेब म्हणाल्या, या माणसाला काढा आता, गाडीला शोभत नाही, कपड्यांना तेलाचा वास येतो. तुम्ही म्हणालात, काढायचं तर काहीतरी कारण लागेल."

दालनात स्वागतकक्षातली मुलगी होती, बाहेरून आलेले दोन व्यापारी होते, जिन्यावर हिशेबनीस होते. सगळे फरशीकडे बघू लागले. वहिनीसाहेब लाल झाल्या. "हे मी ह्यांच्या कानात बोलले होते," त्या म्हणाल्या. "अगदी हळू."

"म्हणजे ऐकलंस!" मॅनेजर गाडीतून उतरत म्हणाले. ते मागून बोलले, त्यामुळे भोंग्याला कळलं नाही. तो आरशात बघत, शाबासकीची वाट पाहत, हसतमुख बसून राहिला. शेवटी बायकोनं खिडकीतून हात घालून त्याला उतरवलं.

निष्कर्ष त्याच दिवशी टंकलिखित झाला. आमच्या ऑफिसात एरवी इतकं काही त्याच दिवशी होत नाही. सदर इसमाने बहिरेपणाची बतावणी केली, तथापि चौकशीअंती, खासगीत कुजबुजत झालेले संभाषणदेखील तो शब्दशः ऐकू शकतो असे निःसंशय सिद्ध झाले. आरशाचा गैरवापर त्याने स्वतः मान्य केला असून, जुन्या वाहनातही तो हाच प्रकार वर्षानुवर्षे करीत होता असे त्याच्याच प्रात्यक्षिकावरून दिसते. शेडमुळे श्रवणशक्ती गेल्याचे म्हणणे फेटाळण्यात येत आहे. सदर इसमाची श्रवणशक्ती उत्तम आहे. त्यास सेवेतून कमी करण्यात येत असून निवासी खोली त्वरित रिकामी करून घ्यावी.

भोंगा चहाड आहे हे बाकीच्या ड्रायव्हरांना पटलं. बायकांकडे बघतो हेही काहींना पटलं. दोन्ही एकदम कसं, हे कोणी विचारलं नाही. नव्या गाडीच्या काचेवरून गोल आरसा खरवडून काढला, पण चिकटपट्टीचा डाग राहिला, आणि त्याबद्दल धाकट्या मालकांनी बराच त्रागा केला. नवा ड्रायव्हर तरुण आहे. त्याला सगळं ऐकू येतं, म्हणून धाकटे मालक आता गाडीत बोलत नाहीत. शेजारी बसलेल्या बायकोला ते फोनवर लिहून पाठवतात. गाडीतली शांतता त्यामुळे आणखी वाढली आहे.

निष्कर्षाची प्रत सदर इसमास समक्ष वाचून दाखवावी, असा नियम आहे. शिपाई ती घेऊन खोलीवर गेला. बायको टेम्पो बघायला गेली होती, दार सताड उघडं होतं. भोंगा दाराकडे पाठ करून ट्रंकेला दोरी बांधत होता. शिपायानं उंबऱ्यातून हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग कागद उघडून, खणखणीत आवाजात, 'श्रवणशक्ती उत्तम आहे' पर्यंत वाचून दाखवला.

भोंगा वळला नाही.